सोवळ्याचा अतिरेक

ज्या घरात महिन्याचे चार दिवस आजी मला कांबळ्यावर वेगळी बसवी आणि ज्या अवयवाला 'ती जागा' याखेरीज दुसरे नावच नव्हते, त्या घरातून मी शिकून बाहेर पडले, महसूल खात्यात कारकून झाले, संसारही थाटला; परंतु ती जागा मुळातच अशुद्ध, हा लहानपणीचा संस्कार निमूटपणे माझ्या पाठोपाठ आला आणि वयाच्या 36व्या वर्षी त्याने मला चांगलेच गोत्यात आणले.

त्या वर्षी अंगावरून पातळ, करडसर पांढरे जाऊ लागले. खाज नव्हती, वेदना नव्हती. मात्र मासळीसारखा दर्प येई, आणि कचेरीत शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली तरी ती आपल्यामुळेच, या शंकेने मी ओशाळून जाई. दुकानातून जंतुनाशकाची बाटली आणून सकाळ-संध्याकाळ आतून धुण्याचा नेम मी व्रतासारखा पाळला. दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी दर्प पुन्हा हजर. मग मी एका झाकणाची दोन झाकणे करी.

अखेरीस डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी स्राव लागलेली काडी एका पिवळ्या कागदी पट्टीवर टेकवली, पट्टी हिरवट झाली, आणि रंगांच्या तक्त्याशी ती ताडून पाहत त्या म्हणाल्या, "सामू साडेपाचाच्या घरात आहे. साडेचाराच्या आत हवा होता. धुता कशाने?"

मी बाटलीचे नाव काहीशा अभिमानानेच सांगितले.

"म्हणजे पहारेकऱ्यांनाच तुम्ही बडतर्फ करीत होतात!"

मग त्यांनी समजावले ते असे, की इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने योनीच्या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू पोसतात आणि मोबदल्यात लॅक्टिक आम्ल निर्माण करून सामू साधारण 3.8 ते 4.5 इतका राखतात, ज्या आंबट मुलखात उपद्रवी जंतूंना सहसा ठाणे मांडता येत नाही; आणि सामूचा एक अंक चढला, की आम्लता दहा पटींनी उतरते. डोडरलाइन नावाच्या जर्मन वैद्याने 1892 सालीच या जंतूंचे वर्णन करून ठेवले होते. आमच्या घरापर्यंत ती वार्ता पोचली नव्हती, इतकेच.

"मग तिथे दही लावू का?" माझ्यातील गृहिणी जागी झाली.

"दह्यातले जंतू यांचे भाऊबंद खरे, पण तिथे बिऱ्हाड करून राहणारे नव्हेत. दही खा. तिथे काही घालू नका. बाहेरून साधे पाणी पुरे. आतली साफसफाई स्राव स्वतःच करतो."

सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या घेतल्या. धुणे सोडणे त्याहून अवघड गेले. पहिल्या आठवड्यात तर न्हाणीघरात हात आपोआप फडताळाकडे वळे. महिन्याने पुन्हा पट्टी टेकवली, तेव्हा ती पिवळीच राहिली, आणि त्या पिवळेपणाकडे पाहताना माझ्या मनात आले, की जिला आजन्म विटाळलेली समजून मी जंतुनाशकाने शुद्ध करू पाहत होते, ती जागा आपला बंदोबस्त मुकाट्याने, कोणाचाही हुकूम न घेता, कित्येक वर्षे चोख ठेवीत आली होती.

उरलेली बाटली मोरीची फरशी धुण्यात संपली.