बाणूला शिव्या कशा द्यायच्या?

शनाया बदलली हे आमच्या वाड्यात सगळ्यात आधी कळलं ते अक्कांना. तेही टीव्हीकडे न बघता.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर. मूळ तेलुगू, पण भांडायला मराठी. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. पान उचलायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार विड्या. विडी सैल पडली की कारखान्यात छाट म्हणून बाजूला जाते, तिचे पैसे नाहीत. त्यामुळे रात्री आठला ‘माझ्या नवऱ्याची बायको’ लागली की आम्ही ती बघायचो आणि अक्का ऐकायच्या. जाहिरातींसकट एका भागात पंचवीसचे दोन कट्टे, हा त्यांचा हिशोब.

2018 मधल्या त्या रात्री मान वर न करता त्या म्हणाल्या, “ही ती नाही की.”

खरंच नव्हती. रसिका सुनील सिनेमाचं शिकायला अमेरिकेला गेली होती आणि तिच्या जागी ईशा केसकर आली होती. गुरुनाथला ‘गॅरी’ म्हणून लाडीगोडी लावणं तेच, समोर त्याची नागपूरची बायको राधिकाही तीच, अनिता दाते. फक्त शनायाच्या अंगात दुसरी बाई.

खरी पंचाईत झाली सासूबाईंची. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला बाळे गावच्या देवळात जायचं आणि भंडाऱ्याने पिवळं होऊन परत यायचं, हे आमच्याकडे कधी चुकलं नाही. 2014 ला खंडोबाची ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली तेव्हा सासूबाई ती हात जोडून बघत. देवदत्त नागे मल्हारी, सुरभी हांडे म्हाळसा आणि बाणू म्हणजे ही ईशा केसकर! शनायाला रोज रात्री मनसोक्त शिव्या देणाऱ्या सासूबाई एकदम गप्प झाल्या.

मी विचारलं, “आई, आज काहीच बोलला नाहीत?”

“अगं, बाणू हाय ती. तिला शिव्या कशा द्यायच्या?”

आमचे हे जेवता जेवता म्हणाले, “बाणू तरी कोण गं? देवाची दुसरीच की.” सासूबाईंनी असं बघितलं की त्यांनी निमूट दुसरी भाकरी घेतली. “देवाचं येगळं असतंय,” एवढंच त्या म्हणाल्या. मला मात्र तो प्रश्न सुटला नाही, अजूनही नाही. धनगरवाड्यावरची बाणाई म्हाळसेला सवत म्हणून आली, त्यांच्या भांडणाची गाणी बायका कौतुकानं म्हणतात. फ्लॅटमधली शनाया तेवढी सटवी. महिनाभर सासूबाईंनी कळ काढली. मग एके रात्री बाणूलाही शिव्या सुरू झाल्या आणि घर पुन्हा पूर्वपदावर आलं.

राग असा महिन्याभरात नव्या तोंडावर बसतो. मायेचं तसं नाही. माझं लग्न 2000 च्या मे महिन्यातलं. 3 जुलैला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, म्हणजे तुलसी आणि मी एकाच हंगामातल्या सुना. रात्री साडेदहाला भांडी आवरून, पदराला हात पुसत मी दाराशी बसायची. हिंदी निम्मं कळायचं. तिचा नवरा मिहीर दोनदा बदलला: अमर उपाध्याय, इंदर कुमार, रोनित रॉय. आमच्याकडे कुणी हूं की चूं केलं नाही. नवरा काय, कुठलाही चालतो, असंच बहुतेक सगळ्यांचं मत असावं. पण 2007 ला स्मृती इराणी गेली आणि गौतमी कपूर तुलसी म्हणून आली, तेव्हा आमच्या गल्लीत सुतकच आलं. गौतमीचा काही दोष नव्हता, चांगलं काम करायची. तरी पुढच्या वर्षी स्मृतीलाच परत आणावं लागलं. मलासुद्धा ती नवी तुलसी परकीच वाटली, आणि ते वाटलं याची थोडी लाजही वाटली.

कारण माझ्याही लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. बार्शीहून आलेली मुलगी तीच, नाव दुसरं. मालिकेत नाव टिकतं आणि तोंड बदलतं, आमच्यात तोंड तेच ठेवून नाव बदलतात. सासरी त्या नावानं हाक आली की वर्षभर मी ओच देत नसे. सासूबाईंना वाटायचं, सून बहिरी आहे.

2020 मध्ये ईशा केसकर मालिकेतून बाहेर पडली आणि रसिका सुनील परत आली. लॉकडाऊनने कारखाने थंडावले होते, अक्कांना पान-तंबाखू मिळत नव्हती. सूप भिंतीला टेकवलेलं. रिकाम्या हातांनी अक्का पहिल्यांदा टीव्हीसमोर सरळ बसल्या. आवाज ऐकताच म्हणाल्या, “आली की ही!” मग बराच वेळ टक लावून बघत राहिल्या.

“अशी दिसते व्हय ही? मला वाटलं, काळीसावळी असेल.”

मालिका 7 मार्च 2021 ला संपली. अक्कांचं सूप त्याआधीच मांडीवर आलं होतं. त्या मला अजून माहेरच्या नावानेच हाक मारतात. लग्नानंतर पहिल्या सकाळी नळावर त्यांनी नाव विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं होतं.