ताईचा स्कोअर

आपली पिढी आकड्यांवर जगते. अप्रेझलचं रेटिंग, ईएमआय, मोबाईलने मोजलेली रोजची पावलं. माझ्या ताईच्या आयुष्यात मात्र एक वेगळाच आकडा आहे. त्याचं नाव ईडीएसएस.

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. कधी पाय जड होतात, कधी नजर धूसर. आजार किती पुढे सरकलाय हे मोजायची ही पट्टी जॉन कुर्ट्झके या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने १९८३ मध्ये मांडली. शून्य म्हणजे सगळं नॉर्मल, दहा म्हणजे एमएसमुळे मृत्यू. चारवर माणूस आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर चालतो. साडेचारवर ३००. सहावर १०० मीटरसाठीही काठी लागते.

ताई जव्हार तालुक्यात, साखरशेतच्या बाजूला शिक्षिका आहे. एसटीतून उतरलं की शाळेपर्यंत चढच चढ. हॉस्पिटलचा कॉरिडॉर सपाट, टाइल्सचा. यंदा एप्रिलमध्ये तिथे तिचा स्कोअर चारवरून साडेचार झाला आणि आईने घर डोक्यावर घेतलं. "बस झालं, बदली करून घे!"

डॉक्टर मात्र शांत होते. उन्हाने अंग तापलं की इजा झालेल्या नसांतून संदेश नीट जात नाहीत आणि त्रास तात्पुरता वाढतो. शिवाय तपासणारा बदलला तरी अर्ध्या पॉइंटचा फरक पडू शकतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. वाढ टिकली, तरच आजार पुढे गेला म्हणायचं.

ताईची तक्रार वेगळीच. "अगं, फळ्यावर लिहिताना हात थकतो, मुलांची नावं पटकन आठवत नाहीत. ते कुठे मोजलं?"

मुद्दा बरोबर होता. चारच्या पुढे ही पट्टी मुख्यतः चालण्यावरच झुकते. म्हणून आता सोबत आणखी टेस्ट करतात. २५ फूट चालायला लागणारा वेळ, नऊ भोकांत नऊ खुंट्या बसवून काढायच्या, दीड मिनिटात चिन्हांना आकडे जुळवायचे. ताईने या तिन्ही करून घेतल्या. पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी हवं ना!

सरकारी टक्केवारीचा हिशेब पुन्हा निराळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे, पण आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ईडीएसएसचा स्कोअर दाखवून ते मिळत नाही.

शेवटी घरात तह झाला. बदलीचा अर्ज लिहून तयार, पण पाठवायचा नाही. पावसाळा संपला की पुन्हा मोजणी, मग निर्णय. तोवर ताई एका वहीत रोज लिहितेय, चढावर कितीदा थांबले. काल फोनवर म्हणाली, "आज दोनदा. आणि त्यातलं एकदा पोरांशी गप्पा मारायला, ते धरू नकोस."