चार मिलिमीटरचा एक फूट : पुठ्ठ्याची घरे, बोटभर वाघिणी आणि हरवत चाललेले गाव

१/
इतिहासाची साधने कोणती, असे विचारले की ताम्रपट, बखरी, नाणी, शिलालेख ही नावे चटकन पुढे येतात. पुठ्ठ्याची घरे आणि बोटभर लांबीच्या मालवाघिणी या यादीत कोणी धरत नाही. रॉय इंग्लंड नावाच्या माणसाने मात्र आपले सारे आयुष्य याच साधनांना वाहिले. त्याच्या या धडपडीची ही हकीकत.

२/
आडनाव इंग्लंड असले तरी रॉय मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तो ब्रिटनला आला आणि स्विंडन परिसरात राहिला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे प्रचंड कारखाने याच स्विंडनमध्ये होते. जवळच 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' हा सखल, हिरवा प्रदेश पसरलेला होता. गवताने शाकारलेली घरे, खडूच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याने धावणारी आगगाडी पाहून तो तरुण कायमचा गुंतला.

३/
प्रदेशाला हे नाव तेथील टेकडीवर कोरलेल्या पांढऱ्या घोड्यावरून मिळाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी चर खणून त्यांत खडू ठासला आणि ही आकृती साकारली. तिच्या कडांवर गवत सतत चाल करून येते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते खरवडले, नवा खडू भरला, म्हणून घोडा आजही दिसतो. दोन-तीन पिढ्यांनी हात आखडता घेतला असता, तर तो केव्हाच बुजला असता.

४/
घरांच्या नशिबी अशी निगा नव्हती. शाकारलेली छपरे उतरून त्या जागी कौले आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे चढत होते. जुन्या भिंती, खिडक्या, कुंपणे बदलत होती. परक्या तरुणाला हे थोपवता येणे शक्य नव्हते. घरे विकत घेण्याइतका पैसाही नव्हता. त्याच्या हाती उरले ते मोजमाप. १९३०च्या दशकात त्याने घरांची मापे व छायाचित्रे घेऊन त्यांच्या प्रतिकृती घडवण्यास आरंभ केला.

५/
प्रमाण ठरले एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे जवळपास १:७६. सहा फुटी माणूस या जगात चोवीस मिलिमीटरचा होतो. येथे अर्धा मिलिमीटर चुकला, तर प्रत्यक्षातील दीड इंच चुकतो. दारावरची पट्टी दीड इंच जाड झाली, तर घराचा चेहराच बदलतो. ही शिस्त खेळण्यांच्या दुनियेत सहसा नव्हती, आणि त्याला कारण होते.

६/
जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांसह खेळण्यातली रेल्वे मांडली. १९२२च्या सुमारास टेबलावर मावणारी गाडी आली. तिच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर होते. मात्र ब्रिटिश इंजिने मुळात आकाराने लहान. त्यांच्या प्रतिकृतीत त्या काळची मोटर बसेना. मग उपाय काढला तो असा : गाडी चार मिलिमीटरच्या प्रमाणात मोठी केली, रूळ मात्र तेवढेच ठेवले.

७/
खरे ब्रिटिश रूळ चार फूट साडेआठ इंचांवर असतात. चार मिलिमीटरच्या प्रमाणात हे अंतर १८.८३ मिलिमीटर व्हायला हवे. बाजारातील १६.५ मिलिमीटरचे रूळ त्या हिशेबाने सुमारे सात इंच अरुंद! ब्रिटनमधील बहुसंख्य छंदिष्ट आजही या जुन्या तडजोडीवर गाड्या चालवतात. रॉयच्या मंडळींनी मात्र १८ मिलिमीटरचे रूळ निवडले. त्यासाठी चाके आणि सांधे हातांनी जुळवणे आले.

८/
घर उभे राही ते पुठ्ठ्याचे. दगडाचा प्रत्येक सांधा टोकदार हत्याराने कोरायचा, मग प्रत्येक दगडाला जलरंगाची निरनिराळी छटा द्यायची. नळकाम करणारे सांध्यात भरतात तो अंबाडीसारखा ताग विंचरून छपराची शाकारणी व्हायची. परसातील फुले रंगीत कागदाच्या कणांची. एकेका घराला शेकडो तास लागत.

९/
वाघिणीचे काम याहून वेगळे. सोळा फुटी उघडी वाघीण या प्रमाणात चौसष्ट मिलिमीटरची होते. आधी तळाची चौकट काटकोनात बसवायची. चारही चाके एका पातळीत टेकली नाहीत, तर वाघीण पहिल्याच सांध्यावर रुळांवरून उतरते. मग फळ्या, कोपऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या, ब्रेकचे दांडे. शेवटी साखळीची तीन कड्यांची जोडणी.

१०/
रंगकामात खरी कसोटी लागते. नव्या रंगाने चकाकणारी वाघीण खोटी दिसते, कारण खरी वाघीण पाऊस, कोळसा आणि ब्रेकची धूळ खाऊन जगते. म्हणून पातळ मळकट रंग फळ्यांच्या फटींत उतरू देतात. जवळपास कोरड्या कुंचल्याने कडा उजळतात. आतली लाकडे मुळातच रंगवलेली नसत. तेथे उन्हापावसाने राखाडी झालेल्या लाकडाची छटा येते. मळ कोठे साचला हे कळण्यासाठी वाघीण कशी वापरली जाई हे कळावे लागते.

११/
आणि मूळ रंग कोणता होता? येथे इतिहासाचा अभ्यासक आणि कारागीर एकाच बाकावर येतात. ग्रेट वेस्टर्नच्या वाघिणी पूर्वी तांबड्या असत, पुढे गडद राखाडी झाल्या. हा बदल नेमका केव्हा झाला यावर जाणकारांत वाद आहे. जुनी छायाचित्रे कृष्णधवल. त्यातही त्या काळच्या अनेक काचपट्ट्या तांबड्या प्रकाशाला दाद देत नसत, त्यामुळे तांबडा रंग चित्रात काळपट उमटे. छायाचित्र खोटे बोलत नाही, पण त्याची भाषा शिकावी लागते.

१२/
ब्रिटनमधील कोळशाच्या खाणी व व्यापारी आपापल्या नावांच्या रंगीत वाघिणी बाळगत. १९३९मध्ये युद्धामुळे त्या सरकारी ताब्यात गेल्या, १९४८मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. नावे पुन्हा रंगवण्याचे कोणास कारण उरले नाही. शेकडो गावांच्या धंद्यांची रंगीत ओळख अशी पुसली गेली. आज त्या पाट्यांचा शोध जुन्या नोंदींतून घेणाऱ्यांत वाघिणींचे छंदिष्टच पुढे आहेत.

१३/
१९५४ साली रॉयने ऑक्सफर्डजवळील लाँग विटनम गावी पेंडन संग्रहालय सुरू केले. गाय विल्यम्स यांच्यासारख्या कसबी माणसांनी इंजिने घडवली. जॉन एहर्न यांनी कल्पनेतून उभारलेली 'मॅडर व्हॅली रेल्वे'ही त्यांच्या निधनानंतर येथे आली. रॉय १९९५मध्ये निवर्तला, तेव्हा त्याच्या दरीचा देखावा अपुराच होता. तो पुढे नेणारे हात मात्र तयार झाले होते.

१४/
या साधनालाही मर्यादा आहेत. देखाव्यातील 'पेंडन पार्व्हा' हे गाव काल्पनिक; घरे खरी, पण निरनिराळ्या ठिकाणांहून एकत्र आणलेली. शिवाय शाकारलेल्या सुंदर छपराखालचा ओलावा, तंग संसार आणि खोकला पुठ्ठ्यात उतरत नाही. ज्या पत्र्यांनी रॉय व्यथित झाला, त्यांनी एखाद्या घरातील गळती थांबवलीही असेल. प्रतिकृती भिंतीचे माप सांगते. भिंतीआडच्या माणसाला विचारायला दुसरी साधने लागतात.

१५/
महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्यात भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून पाहायला मिळते. आणि हरवलेली रेल्वेही आपल्याकडे आहे : बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने आखलेला हा अडीच फुटी मार्ग १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाला, पुढे पंढरपूर व लातूरपर्यंत गेला. वारकऱ्यांच्या कैक पिढ्या त्याने वाहिल्या. या शतकाच्या आरंभी तेथे रुंद रूळ पडले.

१६/
अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ते ८.७६ होतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. पाव मिलिमीटरहून कमी फरक! बार्शीच्या वाघिणी प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांत माल चढवलेली माणसे आज हयात आहेत. त्यांचा रंग कसा होता, दाराची कडी कोठे होती, पोत्यांची थप्पी कशी लागे, हे विचारायला फूटपट्टी आणि वही पुरे. घोड्यावरचे गवत कोणीतरी काढावे लागते.