पुस्तकांच्या गावी एक दिवस

सातारा जिल्ह्यात वाई मागे टाकली, की पसरणीचा घाट लागतो. घाट चढून गेले की पाचगणी आणि तेथून महाबळेश्वरच्या बाजूला पाच-सहा किलोमीटरवर भिलार. लाल माती, उताराची जमीन आणि वाफ्यांत स्ट्रॉबेरी. गाव कष्टाळू शेतकऱ्यांचे. पण ४ मे २०१७ पासून या गावाला आणखी एक नाव मिळाले आहे, ‘पुस्तकांचं गाव’. राज्य सरकारने सुरुवातीला येथे २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार मराठी पुस्तके ठेवली. यासाठी नवी इमारत उभारली नाही. गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतली जागा दिली. कुठे देऊळ, कुठे शाळा. कपाटे, टेबल-खुर्च्या सरकारने पुरवल्या आणि चित्रकारांनी भिंती रंगवल्या.

माघ महिन्यात, हरभरा काढणीला येण्याआधी, मी आणि माझी मैत्रीण एस.टी.ने तिकडे गेलो. मैत्रीण सातवीपर्यंत शिकलेली. वाचनाची हौस मोठी, पण हाती लागतो तो वाण्याच्या पुड्याचा कागद. आमच्या गावात वाचनालय नाही असे नाही. पण ते चावडीला लागून. सकाळ-संध्याकाळ तेथे पुरुषमंडळी वर्तमानपत्रे घेऊन बसलेली. त्यांच्यामधून जाऊन बाईमाणसाने कपाट उघडायचे कसे? लग्न होऊन पंधरा वर्षे झाली, पण त्या दाराची पायरी ती कधी चढली नव्हती.

भिलारमध्ये मात्र दारावर पाटी, पाटीवर विषय. एका घरात बालसाहित्य, दुसरीकडे इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे कथा-कादंबऱ्या. पैसे नाहीत. घरात जावे, पुस्तक काढावे आणि तेथेच बसून वाचावे. कादंबऱ्यांच्या घरी मैत्रीण जरा बिचकतच आत गेली. घरच्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “बसा की निवांत. घर तुमचंच हाय.”

मी विचारले, “दिवसभर परक्या माणसांची ये-जा. त्रास नाही होत?”

त्या हसल्या. “पाव्हणं आधीबी यायचंच. आता ते पुस्तकाला येतं, एवढंच.”

तास-दीड तास मैत्रीण ओळीखाली बोट धरून वाचत होती. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा कादंबरी निम्मीच झाली होती. पुस्तक घरी न्यायचे नाही, हा तेथला नियम. तिने ते जपून जागेवर ठेवले. पण वाटेत दोनदा विचारले, “आता पुढचं कसं कळायचं गं?”

पुस्तकांचे गाव ही कल्पना मूळची वेल्समधील हे-ऑन-वाय या गावची. तेथे मात्र मुख्यतः जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. अमेरिकेतली तऱ्हा आणखी निराळी. २००९ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बोल यांनी आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीसाठी शाळेच्या आकाराची लाकडी पेटी करून दारात लावली. पुस्तक न्या, जमेल तेव्हा दुसरे ठेवा, एवढाच नियम. अशा पेट्या पुढे जगभर गेल्या. कुठे विकत, कुठे बसून, कुठे उचलून. पण तिन्ही ठिकाणी पुस्तक कुलपातून बाहेर आले, ही गोष्ट सारखीच.

आठवड्याने आम्ही दोघी मिळून आमच्या वाचनालयात गेलो. बाकावरची मंडळी क्षणभर गप्प झाली, मग सरकून बसली. ग्रंथपालांनी कपाट उघडले. मैत्रिणीची कादंबरी तळच्या फळीवर होती, धूळ खात. तिने नाव नोंदवून ती घरी आणली आणि चार रात्रींत संपवली. आता बुधवारी दुपारी कपाट बायकांसाठी उघडे असते. कधी चौघी येतात, कधी दोघीच.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. पुष्कळ गावांत त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये आहेत. आपल्या गावचे कपाट कधी उघडते, ते एकदा विचारून पाहा. एकटीला अवघड वाटले तर शेजारणीला बरोबर घ्या. आणि वाचनालय नसेलच, तर ओसरीवरचा एक कोनाडा पुरे. पावसाचा ओलावा लागणार नाही असा निवडावा, पुस्तकांत वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, म्हणजे कसर लागत नाही. दहा पुस्तके जमली तरी चालतील. मात्र कोनाड्याला दार लावू नका.