गोडाऊन

भिवंडीच्या अंजूरफाट्यावर शेअर रिक्षात बसलं की रिक्षावाला गावाचं नाव विचारत नाही. "कुठलं गोडाऊन?" एवढंच विचारतो. राहनाळ, काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे ही सगळी भाताची गावं. आता तिथे कंपाउंडचं नाव आणि गाळ्याचा नंबर सांगावा लागतो.

लहानपणी मला या शब्दाचं काही कोडं वाटत नसे. ट्रक येतो, मागचा फाळका पडतो, हमाल पाठीवरून माल खाली उतरवतात, म्हणून 'गो डाऊन'. शाळेतल्या बाईंनीही हेच सांगितलं होतं, तेव्हा शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पुढे कधीतरी यूल आणि बर्नेल या दोन साहेबांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ सालचा कोश चाळताना कळलं, की या शब्दाचं कूळ इंग्लंडातलं नाहीच. मलायातल्या 'गडोंग'वरून तो साहेबाच्या तोंडी बसला आणि त्याच्याही मागे तमिळ 'किडंगु' आणि तेलुगू 'गिड्डंगी' आहेत. अर्थ काय, तर माल पडून असतो ती जागा. आपलं गुदामही त्याच गोतावळ्यातलं. खुद्द लंडनचा माणूस वेअरहाऊस म्हणतो. गोडाऊन चाललं ते आपल्याकडे आणि सिंगापूर, हाँगकाँगच्या धक्क्यांवर.

आणि हा शब्द ज्यांचा, ती माणसं तर भिवंडीतच राहतात. पद्मनगरात घरोघरी तेलुगू. तिथल्या एका यंत्रमागवाल्या शेठना विचारलं, तुमच्या भाषेत गोडाऊनला काय म्हणता? "गोडाऊनच की!" म्हणाले. मग जरा थांबून, "आजी गिड्डंगी म्हणायची."

पडून असणं. मराठीतही माल पडूनच असतो. मंदीत माग थांबले, की चहाच्या टपरीवर हेच ऐकू येतं, "तागे पडून आहेत." चार शब्दही नाहीत, पण त्यात कारागिराचा पगार, सुताचं देणं, पोराची फी सगळं आलं.

नाही म्हणायला आपला 'वखार' हा शब्द होताच. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरला इंग्रजांची लुटली ती वखार. सरकारी पाटीवर 'राज्य वखार महामंडळ' अजून आहे, पण बोलण्यात उरली ती फक्त लाकडाची. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. गोडाऊनवर राग मात्र धरवत नाही.

ही गोडाऊनं इथे आली ती मुंबईची जकात चुकवायला. माल हद्दीबाहेर उतरवायचा, लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोडाऊनं हलली नाहीत, उलट वाढली. फरक एवढाच, की आता माल पडून राहत नाही. सकाळी कंटेनरमधून आलेला खोका रात्री कुणाच्या तरी पत्त्यावर निघालेला असतो. खाली भाताची खाचरं होती, ती तेवढी काँक्रीटखाली पडून आहेत.

नव्या फाटकांवर आता 'लॉजिस्टिक्स पार्क' लिहितात. रिक्षा तिथे थांबते आणि रिक्षावाला मागे न बघता म्हणतो, "चला, गोडाऊन आलं."