नोकरी गेली कशी, ते आधी सांगा

धाकट्या दिरांची नोकरी जाणार असं कळलं तेव्हा घरातले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मुलुंडला शिकवण्या घेते आणि मला फॉर्म भरता येतात, एवढंच माझं भांडवल. भावजी अंधेरीतल्या एका दागिन्यांच्या युनिटमध्ये वॅक्स सेटिंग करतात. म्हणजे मेणाच्या नमुन्यात बारीक हिरे बसवायचे, मग मेण वितळवून त्या जागी सोनं ओततात. त्यांचा माल अमेरिकेला जायचा. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के जादा शुल्क लावलं, ऑर्डरी आटल्या, आणि मालकांनी ते काम आपल्या परदेशातल्या युनिटकडे न्यायचं ठरवलं. भावजी म्हणाले, "वहिनी, सरकार काही देतं का बघा ना." मी ऐटीत "बघते" म्हटलं. कुठे बघायचं हे मात्र मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मोबाइलवर शोधलं तर आधी अमेरिकाच सापडली. परदेशी मालामुळे नोकरी गमावलेल्यांना भत्ता आणि नवं काम शिकवण्याची सोय तिथे १९६२ च्या कायद्यानं सुरू झाली. पुढे, कारखान्याचं काम परदेशी हलल्यामुळे गेलेली नोकरीही त्यात धरू लागले. नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे व्यापार-जुळवणी-साहाय्य असं काहीतरी. युरोपीय संघाचाही असाच एक निधी २००७ पासून आहे. मग आपल्याकडेही असणारच, असं धरून मी दोन पानी अर्ज लिहून काढला. त्यात अमेरिकेचं धोरण होतं, निर्यातीचं महत्त्व होतं, शेवटी 'तरी विनंती की' होतं. अर्ज फेअर करून झाल्यावर उरलेली माहिती वाचली. अमेरिकेतही १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज घेणं थांबलंय, आणि आपल्याकडे काम परदेशी गेलं म्हणून मदत देणारी वेगळी योजनाच नाही.

शेजारच्या काकांनी सुचवलं, "ईएसआयमध्ये विचारा, पगारातून कापतात ना त्यांचे?" ईएसआय म्हणजे कामगारांची विमा योजना, पण माझ्या लेखी ते मुलुंडचं कामगार रुग्णालय. तडक गेले आणि केसपेपरच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतून प्रश्न आला, "पेशंट कोण?" मी म्हटलं, "पेशंट नाही, बेकार व्हायचेत." मागच्या बाई म्हणाल्या, "मग इथे औषध कसलं घेणार?" तिथेच कळलं की हे रुग्णालय राज्य सरकारच्या योजनेचं. विम्याचे रोख पैसे देणारं ईएसआय महामंडळ केंद्राचं, आणि त्याची शाखा कार्यालयं निराळी.

शाखा कार्यालयातल्या साहेबांनी माझा निबंध शांतपणे उलटसुलट करून पाहिला. "यात विमा क्रमांक कुठाय?" दहा आकड्यांचा असा क्रमांक असतो हेच मला नवं होतं. पुढचा प्रश्न, "नोकरी गेली कशी?" मी शुल्कापासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं. "तसं नाही हो ताई. कारखाना बंद झाला, कपात झाली, की राजीनामा दिला?" मला काही सांगता येईना. मुळात नोकरी अजून गेलीच नव्हती.

तरी त्यांनी समजावलं, आणि मी वहीत उतरवलं. योजना दोन. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली तर बेकारी भत्ता मिळतो, सुरुवातीला पगाराच्या निम्मा, जास्तीत जास्त २४ महिने. त्या काळात घरच्यांचं औषधपाणीही चालू राहतं. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. तिच्यात आधी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले, मुदत ९० दिवसांची. त्यासाठी नोकरी जाण्याआधीच्या कॉन्ट्रिब्यूशन पीरियडमध्ये, म्हणजे वर्गणीच्या सहामाहीत, निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ही सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी चालते. मी मात्र तोवर जानेवारी ते जून धरून दिवस मोजायलाही लागले होते.

घरी येऊन हिशेब मांडला. पगार १९,००० रुपये, त्याचा निम्मा ९,५००, तीन महिन्यांचे २८,५००. भावजींच्या मुलीची फी निघेल असं वाटून मी खूश झाले. पुतणीनं योजनेचा कागद माझ्या हातून घेतला, वाचला आणि म्हणाली, "काकू, हे ९० दिवस आयुष्यात एकदाच."

सासरे खाटेवरून ऐकत होते. ते गिरणीत होते. त्यांनी सांगितलं, गिरणी कामगारांसाठीही केंद्रानं १९८६ मध्ये पुनर्वसन निधी काढला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. पण गिरणी कायमची बंद झाल्याचं सरकारदरबारी ठरावं लागायचं. नुसतं भोंगा वाजत नाही म्हणून पैसे सुटत नसत. २०१७ मध्ये ती योजना राजीव गांधी योजनेतच मिसळली. मी इतके दिवस मोबाइलमध्ये धुंडाळत होते आणि निम्मी माहिती आमच्या पुढच्या खोलीत चहा पीत बसली होती.

त्यानंतर भावजींनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. कंपनीनं सगळ्यांना दिलेला. 'वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.' सही राहिली होती, कारण चष्मा घरी होता. मुलुंडच्याच एका युनियनवाल्या काकांना तो दाखवला. ते म्हणाले, सही केली तर राजीव गांधी योजना विसरा. आणि रिट्रेंचमेंटची भरपाईही गेली. रिट्रेंचमेंट म्हणजे कामगारकपात. त्यात एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनं यात आणखी १५ दिवसांच्या पगाराची भर घातली, नवं कौशल्य शिकण्यासाठी. ती रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं भरली असतील तर राजीनामा दिला तरी मिळते.

मी पुन्हा हिशेब केला. भावजींची ११ वर्षं, म्हणजे १६५ दिवसांचा पगार. ज्या अटल योजनेमागे मी धावत होते तिचे ९० दिवस निम्म्या पगारानं, म्हणजे जेमतेम ४५ दिवसांचा पगार. सरकार काय देतं हे विचारत मी मुंबईभर फिरले, आणि त्याच्या साडेतीन पटींहून जास्त रक्कम त्या घडी घातलेल्या कागदावर जाणार होती. एक गोष्ट कळून मात्र बरं वाटलं. कपातीच्या नोटिशीत कारण लिहावं लागतं. काम परदेशी हलवलं हे वाक्य लिहायची जागा अखेर सापडली. माझ्या दोन पानांतलं तेवढंच एक वाक्य उपयोगाचं होतं, आणि तेही कंपनीनं लिहायचं होतं.

भावजी आणि त्यांच्या खात्यातल्या काही जणांनी राजीनामा न देता लेखी नोटीस मागितली आहे. कंपनी "वकिलांना विचारून सांगतो" म्हणते. उत्तर आलं नाही, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार द्यायची असं ठरलंय. दरम्यान माझा नंबर त्यांच्यात पसरलाय. परवा एकाचा फोन आला, "मॅडम, तुम्ही कामगार खात्यातून रिटायर झालात ना? मी तर कंत्राटदाराकडे आहे, मला काही मिळेल का?" मी त्याला पगाराची पावती वाचायला सांगितली. ईएसआयचे पैसे कापलेले असतील तर कंत्राटी कामगारही विम्यात येतो, बाकी अटी पुऱ्या झाल्या की भत्ता मागू शकतो. तो म्हणाला, "पावती कधी दिलीच नाही, मॅडम." मग त्याला विमा क्रमांक विचारला. "तो काय असतो?" त्यानं विचारलं, आणि मी अगदी साहेबांच्या थाटात सांगितलं, "दहा आकडी असतो."