एक लहानसे कडे

डोक्यावरून विमान गेले, की माझी मान अजूनही आपोआप वर वळते. त्याचे विशाल पंख, इंजिनांची गर्जना आणि मागे उमटणारी पांढरी रेघ पाहून कोणाचे मन हरखून जात नाही? परंतु अलीकडे मला विमान पाहिले, की आठवण होते ती एका लहानशा रबरी कड्याची. बांगडीएवढे, कधी कधी तर अंगठीएवढेच ते कडे! इंजिनाच्या सरंजामात ते कोठे दडलेले असते, हे प्रवाशांना ठाऊकही नसते. मात्र त्याने आपले काम चोख केले नाही, तर त्या प्रचंड यंत्राचे सारे बळ व्यर्थ ठरते.

हे कडे करते तरी काय? जेट इंजिनाच्या पुढच्या भागात हवा आत ओढून दाबणारी पात्यांची चक्रे असतात. त्या चक्रांच्या मधोमध न फिरणाऱ्या पात्यांच्याही रांगा असतात. इंजिनाची गती बदलली, की यांपैकी काही पात्यांचा कल बदलावा लागतो. नाहीतर हवेचा प्रवाह विस्कटतो आणि इंजिनाला जणू ठसका लागतो. पाती वळवण्याचे हे काम नळकांड्यात पुढेमागे सरकणारा दट्ट्या करतो. कित्येक इंजिनांत त्या दट्ट्याला ढकलण्यासाठी इंजिनाचे इंधनच मोठ्या दाबाने नळकांड्यात सोडतात. आता दट्ट्याचा दांडा नळकांड्यातून जेथे बाहेर येतो, तेथे थोडी तरी फट राहणारच. ती बुजवली नाही, तर इंधन गळेल; आणि शेजारी तर तापलेले इंजिन! ती अगदी आवळून बुजवावी, तर दांडाच हलणार नाही. म्हणजे तेथे बसणाऱ्या कड्याने दांड्याला घट्ट धरावयाचे आणि त्याच वेळी त्याला मोकळेही सोडावयाचे.

हे कोडे फार जुने आहे. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा या कुलपे बनवणाऱ्या कारागिराने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. पण पाणी दट्ट्याच्या कडेने गळे. गळती थांबवण्यासाठी भोवतालचे वेष्टन आवळावे, तर दट्ट्या अडकून बसे. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या तरुणाने यावर तोड काढली, असे सांगतात. त्याने पन्हळीसारखे वाकवलेले चामड्याचे कडे बसवले. दाब वाढला, की पाणीच त्या पन्हळीत शिरून तिच्या कडा दट्ट्यावर दाबून धरी. दाब ओसरला, की कडा सैल पडत आणि दट्ट्या सहज मागे येई. जे पाणी फटीतून पळू पाहत होते, त्यालाच त्याने फटीवर पहारेकरी नेमले!

आमच्या घरी सायकलचा एक जुना पंप होता. त्याच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असे. उन्हाळ्यात ती वाळून आक्रसे आणि पंप नुसताच फुसफुसे. मग वडील तिच्यावर तेलाचे दोन थेंब सोडीत, बोटांनी तिची कड जराशी फाकवीत आणि पंप पुन्हा हवा भरू लागे. मॉडस्लेचीच युक्ती त्या वाटीत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आजच्या रबरी कड्याची घडण सिद्ध केली ती मूळच्या डेन्मार्कच्या नील्स क्रिस्टेन्सन यांनी. १८९१ साली ते अमेरिकेत गेले. १९३९ साली या कड्याचे पेटंट त्यांना मिळाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कड्याहून थोडी रुंद खाच करावयाची आणि तीत ते किंचित चेपून बसवावयाचे. दाब आला, की कडे खाचेच्या एका बाजूला सरकते, चपटे होते आणि फट बुजवते.

कल्पना सोपी, पण विमानात ती टिकवणे सोपे नाही. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा शून्याखाली ५० अंशांहूनही थंड, तर इंजिनाजवळ भाजणारी उष्णता! थंडीत रबर ताठरते. उष्णतेने ते फुगते आणि कालांतराने तडकते. दाब फार झाला, तर ते फटीत घुसून कुरतडले जाते. म्हणून त्याच्या पाठीशी टणक पदार्थाचे दुसरे कडे ठेवतात. दांडा खरखरीत असेल, तर रबर झिजते, हे उघडच आहे. पण तो फार गुळगुळीत केला, तरीही ते झिजते. कारण द्रवाचा पातळ थर त्यावर टिकत नाही आणि रबर कोरडेच घासते.

या कड्याची हेळसांड केवढी महाग पडते, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या अग्निबाणाच्या सांध्यात अशीच रबरी कडी होती. अग्निबाण पेटताच दाबाने सांधा किंचित फाके आणि कड्याने तत्काळ उसळून ती फट भरावयाची असे. आदल्या रात्री गारठा गोठणबिंदूखाली गेला होता. थंडीत कडे ताठरेल, उड्डाण पुढे ढकलावे, असे काही अभियंत्यांनी आदल्या संध्याकाळीच सांगितले होते. परंतु त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढला, तरी रबर चटकन पूर्ववत झाले नाही. पेलाभर पाण्याने सारे सांगून टाकले!

म्हणूनच भिंगातून अशा कड्यावरील केसाएवढा ओरखडा शोधणाऱ्या कारागिराचे काम मला वैमानिकाच्या कामाइतकेच मोठे वाटते. ते कडे दाबाखाली राहते, सरकणाऱ्या दांड्याला वाट देते आणि इंधनाला मात्र अडवून धरते. आपल्याला सुखरूप उतरावयाचे असेल, तर उड्डाणापूर्वी कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहिलेले असावे लागते. आणि त्याने ‘थांबा’ म्हटले, तर ते ऐकणारेही कोणी असावे लागते.